गरम पाण्याचा नळ सोडला, पण बॉयलर पेटत नाही
वाचकांचे प्रश्न : घरातील यंत्रे

प्रश्न : आम्ही लंडनच्या हौन्स्लो भागात राहतो. घरात सहा वर्षांपूर्वी बसवलेला कॉम्बी बॉयलर आहे; घर तापवणे आणि नळाला गरम पाणी देणे ही दोन्ही कामे तोच करतो. गेल्या तीन आठवड्यांपासून वरच्या मजल्यावरील शॉवर सुरू केला की मिनिटभर गरम पाणी येते आणि मग ते एकदम गार होते. स्वयंपाकघरातील नळाला गरम पाणी कधी येते, कधी येत नाही. खोल्या तापवणारे रेडिएटर मात्र व्यवस्थित तापतात. बॉयलरच्या पडद्यावर अधूनमधून बिघाडाचा कोड दिसतो आणि पुस्तिकेत त्याचा अर्थ पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो सेन्सरमधील दोष असा दिला आहे. फोनवर बोललेल्या तंत्रज्ञाने सेन्सर बदलावा लागेल, तेवढ्याने भागले नाही तर बॉयलरचे नियंत्रण करणारा सर्किट बोर्डही बदलावा लागेल, असे सांगितले. दाब कमी असेल अशा समजुतीने मी बॉयलरखालची भरणीची चावी उघडून दाबाचा काटा १ बारवरून २ बारवर नेला, पण फरक पडला नाही. मापाच्या भांड्याने पाहिले तेव्हा स्वयंपाकघरातील नळाचे गार पाणी एक लिटर भरायला ६ सेकंद लागले आणि गरम पाणी २४ सेकंद. महिन्यापूर्वी आमच्या रस्त्यावर जलवाहिनीसाठी खोदकाम झाले होते, त्याचा काही संबंध असेल का? मुलगा म्हणतो की सेन्सर ऑनलाइन मागवून आपणच बसवू. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात सर्वांत मोलाचे काही असेल तर ते ६ आणि २४ हे दोन आकडे. बिघाडाचा कोड आणि फोनवरचे निदान या दोहोंपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवीन, कारण माझ्या मते आपला सेन्सर बहुधा बिघडलेला नाही. पाणी कमी येत आहे आणि तो तेच प्रामाणिकपणे सांगत आहे.

हे का, ते समजण्यासाठी सेन्सरचे काम आधी पाहू. कॉम्बी बॉयलरमध्ये गरम पाण्याची साठवण नसते. नळ सोडल्यावर रस्त्याच्या वाहिनीतले गार पाणी बॉयलरमध्ये शिरते, तेथील लहान हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पाण्याला उष्णता देणाऱ्या भागातून, जाताना तापते आणि नळाला येते. नळ सोडला आहे हे बॉयलरला कळवण्याचे काम फ्लो सेन्सरचे. बहुतेक बॉयलरांत तो म्हणजे पाण्याच्या वाटेत बसवलेली प्लास्टिकची लहानशी चक्री असते. चक्रीत लोहचुंबक असतो, आणि ती फिरली की बाहेर बसवलेल्या, चुंबकाची हालचाल टिपणाऱ्या 'हॉल' प्रकारच्या संवेदकातून विजेचे स्पंद निघतात. पाणी जितके वेगाने वाहील तितके स्पंद अधिक, आणि बोर्ड ते मोजून मिनिटाला किती लिटर पाणी जात आहे याचा हिशेब करतो.

हा हिशेब ठरावीक उंबरठ्याच्या वर गेल्याशिवाय बोर्ड ज्योत पेटवत नाही. घरगुती कॉम्बींमध्ये हा उंबरठा साधारणपणे मिनिटाला २ ते २.५ लिटरांच्या आसपास असतो; आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेच्या तांत्रिक तक्त्यात मिळेल. तो ठेवण्यामागे साधे गणित आहे. समजा, बॉयलरची ज्योत लहानात लहान केली तरी ती पाण्याला ५ किलोवॉट उष्णता देते. मिनिटाला २ लिटर पाणी वाहत असेल तर एवढ्या उष्णतेने त्याचे तापमान सुमारे ३६ अंश सेल्सिअसने वाढते आणि हिवाळ्यातले ८ अंशांचे पाणी ४४ अंशांवर येते, म्हणजे अंघोळीला ठीक. पण तेच पाणी मिनिटाला एकच लिटर वाहिले तर वाढ ७२ अंशांची होईल आणि नळातून ८० अंशांचे, हात पोळणारे पाणी येईल. म्हणून प्रवाह पुरेसा नसेल तर न पेटणे हेच बॉयलरचे शहाणपण आहे.

आता आपले आकडे घेऊ. गार पाणी ६ सेकंदांत लिटरभर, म्हणजे मिनिटाला १० लिटर. वाहिनीचा पुरवठा उत्तम आहे. गरम पाणी २४ सेकंदांत लिटरभर, म्हणजे मिनिटाला २.५ लिटर, अगदी उंबरठ्यावर. प्रवाह थोडा वर गेला की बॉयलर पेटतो, थोडा खाली आला की विझतो, आणि आपल्याला गरम पाणी कधी मिळते, कधी मिळत नाही. उंबरठ्यावर अशी ये-जा सुरू राहिली की स्पंद तुटक येतात आणि काही बॉयलरांचे बोर्ड त्याचा अर्थ सेन्सर बिघडला असा लावतात. पुस्तिकेतला कोड दोष कोणत्या दिशेला शोधावा हे सांगतो, कोणता भाग मेला हे नव्हे. ही गोष्ट काही तंत्रज्ञही विसरतात, मग वाचकांना काय दोष द्यावा!

शॉवरचे कोडेही यातूनच सुटते. आपला शॉवर थर्मोस्टॅटिक मिक्सरचा, म्हणजे ठरलेले तापमान राखण्यासाठी गरम-गार पाणी आपोआप मिसळणारा, असावा असे वर्णनावरून वाटते. सुरुवातीला नळीत साठलेले पाणी गार असते, त्यामुळे मिक्सर गरम बाजू पूर्ण उघडी ठेवतो आणि प्रवाह कसाबसा पुरतो. मिनिटभराने खरे गरम पाणी पोहोचले की मिक्सर गरम बाजू आवळतो आणि गार पाणी मिसळू लागतो. गरम बाजूचा आधीच तोकडा असलेला प्रवाह तेव्हा उंबरठ्याखाली जातो, बॉयलर विझतो आणि अंगावर गार पाणी येते. पाणी वाचवणारे शॉवरचे तोंड बसवलेल्या घरांत उन्हाळ्यात अशीच तक्रार येते, कारण वाहिनीचे पाणी तेव्हा फारसे गार नसते आणि मिक्सरला गरम पाणी थोडेच लागते.

आता हा अडथळा कोठे आहे, हे पाहायचे. आपल्या स्वयंपाकघरातील नळाला गार आणि गरम पाणी एकाच तोंडातून, एकाच जाळीतून येत असेल, तर जाळी तुंबलेली नाही हे गार पाण्याच्या १० लिटरांनी सिद्ध केलेच आहे. तरीही न्हाणीघरातील बेसिनच्या गरम नळाशी हीच मोजणी करावी. तेथेही प्रवाह कमी भरला तर दोष नळात नसून बॉयलरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या नळ्यांत आहे, असे समजावे. त्यानंतर बॉयलरचा विजेचा स्विच बंद करून गरम नळाचा प्रवाह पुन्हा मोजावा. कॉम्बीमध्ये वीज असो वा नसो, नळ सोडला की पाणी बॉयलरमधून वाहतेच. त्यामुळे वीज बंद असतानाही २४ सेकंदच लागले तर अडथळा पाण्याच्या वाटेत आहे आणि तेथे नवा सर्किट बोर्ड बसवून काही साधणार नाही. (मोठ्या मापाने मोजल्यास चूक कमी होते. मराठी माणसाच्या घरी बाथटब असला तरी त्यात एक बादली असतेच, ती येथे उपयोगी पडेल.)

खोदकामाबद्दलची आपली शंका मला फार रास्त वाटते. वाहिनीचे काम झाले की गंजाचे कण, वाळू आणि जुन्या नळ्यांचे पापुद्रे पाण्याबरोबर घरात येतात. बहुतेक कॉम्बी बॉयलरांत गार पाणी शिरते तेथे, सेन्सरच्या अलीकडे किंवा त्याच्याच तोंडाशी, बारीक जाळी असते, आणि हा सगळा कचरा तिच्यावर बसतो. जाळीतून निसटलेले लोखंडाचे बारीक कण चक्रीतल्या लोहचुंबकाला चिकटतात आणि चक्री जड होते. म्हणून तंत्रज्ञाला पहिले काम जाळी काढून धुण्याचे आणि चक्री मोकळी फिरते का ते पाहण्याचे सांगावे. बॉयलरच्या खाली गार पाण्याच्या नळीवर एक लहान चावी असते. कोणाच्या तरी हातून ती अर्धवट बंद राहिलेली नाही ना, एवढे मात्र आपण स्वतः पाहू शकता. चावीवरील खाच नळीच्या दिशेने असली की ती पूर्ण उघडी असते.

दुसरा संशयित म्हणजे क्षार. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधील पाणी खडूच्या प्रदेशातून येते आणि चांगलेच जड असते. आपल्या किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांतही बसतो. मात्र त्याची लक्षणे थोडी निराळी असतात. पाणी काही सेकंद फार गरम, मग कोमट, मग पुन्हा गरम असे होत राहते, कारण थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि बॉयलर स्वतःला वाचवण्यासाठी ज्योत वारंवार विझवतो. सहा वर्षांत थर बसलेला असणारच, पण आपली तक्रार तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी सुरू झाली, आणि क्षार एकाएकी बसत नाहीत. त्यामुळे माझा कौल जाळीकडे आहे. यानिमित्ताने गरम पाण्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे. ६० अंशांच्या वर क्षार झपाट्याने बसतात, आणि पाणी ६० अंशांवर ठेवण्याचा नियम गरम पाणी साठवणाऱ्या टाकीसाठी आहे, साठवण नसलेल्या कॉम्बीसाठी नव्हे.

तिसरा भाग डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे उष्णता रेडिएटरकडे की नळाच्या पाण्याकडे वळवायची हे ठरवणारी झडप. तो अडकला तर नळ सोडल्यावर बॉयलर पेटतो खरा, पण उष्णता रेडिएटरकडे जाते आणि नळाला कोमट पाणी येते. आपल्याकडे गार पाणी येते तेव्हा बॉयलर पेटलेलाच नसतो, म्हणून हा भाग सध्या बाजूला ठेवावा.

सेन्सरच मेला आहे अशीही वेळ येते, हे नाकारून चालणार नाही. त्याची खूण अशी की गरम नळाचा प्रवाह भरपूर असतो आणि तरीही बॉयलर हूं की चूं करत नाही. अनेक बॉयलरांच्या तपासणी मेनूमध्ये या क्षणाचा प्रवाह मिनिटाला किती लिटर आहे ते दिसते. नळाखाली भांडे धरून मोजलेला आकडा ८ लिटर आणि पडद्यावरचा आकडा शून्य असेल, तर सेन्सर, त्याची वायर किंवा जोडणीचा प्लग यांपैकी काहीतरी दोषी आहे. दोन्ही आकडे जुळत असतील तर सेन्सर निर्दोष आहे. आकडे जुळत नसतील तर प्लगमध्ये ओल शिरून पिना हिरव्या पडणे हे नेहमीचे कारण, आणि ते बिनखर्चाचे. सेन्सरला सहसा तीन वायरी असतात. वीजपुरवठा ठीक असून पाणी वाहत असताना तिसऱ्या वायरीवर स्पंद येत नसतील तर सेन्सर बदलावा. स्पंद येत असूनही बोर्डाला ते दिसत नसतील तरच बोर्डाचे नाव घ्यावे. या क्रमाने न जाता दोन्ही भाग एकदम बदलायला सांगणारा तंत्रज्ञ आपल्या खर्चाने अंदाज बांधत असतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

मुलाच्या उत्साहाचे कौतुक आहे, पण बॉयलर त्याने उघडू नये. सेन्सर पाण्याच्या बाजूचा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी झाकण काढावे लागते, आणि अनेक बॉयलरांत ते झाकणच ज्वलनकक्ष हवाबंद ठेवत असते; ते नीट बसले नाही तर जळालेले वायू घरात येऊ शकतात. शिवाय आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो. ब्रिटनमध्ये घरगुती गॅस उपकरणांचे काम १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांखाली येते आणि ते करणाऱ्याचे नाव गॅस सेफ रजिस्टरवर असावे लागते. २००९ च्या एप्रिलपासून जुन्या 'कॉर्गी' नोंदणीची जागा याच रजिस्टरने घेतली आहे, तेव्हा कॉर्गीचे जुने कार्ड दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. कार्डाच्या मागील बाजूस त्या व्यक्तीला कोणकोणत्या कामाची पात्रता आहे ते छापलेले असते, तेही वाचावे.

राहिला दाबाचा काटा. तो रेडिएटरच्या बंद चक्रातील पाण्याचा दाब दाखवतो. नळाच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो वाढवून फरक पडला नाही. बॉयलर थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. २ बारवर ठेवल्यास तापल्यावर पाणी फुगून दाब ३ बारकडे जाऊ शकतो आणि तेथे सुरक्षा झडप उघडून पाणी बाहेर टाकते. चक्र थंड असताना एखाद्या रेडिएटरच्या चावीतून थोडे पाणी सोडून तो खाली आणावा, आणि भरणीची चावी घट्ट बंद आहे याची खात्री करावी.

प्रश्न : आमचे घर इंग्लंडमधील लीड्स येथे आहे. रात्री कोणताही नळ सुरू नसताना बॉयलर दोन-चार सेकंद पेटतो आणि विझतो. हा फ्लो सेन्सरचाच दोष असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : आधी बॉयलरवर 'कम्फर्ट' किंवा 'प्रीहीट' अशी सोय सुरू आहे का ते पाहावे. ही सोय सुरू असेल तर नळ सोडताच गरम पाणी मिळावे म्हणून बॉयलर हीट एक्स्चेंजर अधूनमधून स्वतःहून तापवत राहतो. तो बिघाड नाही. नको असेल तर 'इको' निवडावे.

ही सोय बंद असूनही प्रकार चालू राहिला तर शेजारी अर्धे बरोबर आहेत. सेन्सरला चक्री फिरल्याचे कळते, पण एकच हॉल संवेदक असेल तर ती कोणत्या दिशेने फिरली हे कळत नाही. रात्री गावातला पाण्याचा वापर घटतो आणि वाहिनीतला दाब चढतो. शेजारच्या घरातले वॉशिंग मशीन किंवा फ्लशची टाकी पाणी घेऊन झटकन बंद झाली की नळ्यांत धक्का बसतो, घरातल्या लवचीक नळ्या किंचित फुगतात-आकसतात, आणि तेवढ्याने पाणी पुढे-मागे होऊन चक्री फिरते. बोर्डाला वाटते की नळ सुटला. हा सेन्सर नवा आणला तरी तोही हेच करील. गार पाण्याच्या नळीवर धक्का शोषणारे लहान भांडे, म्हणजे शॉक अरेस्टर, बसवणे आणि वाहिनीचा दाब फारच जास्त असेल तर तो कमी करणारी झडप बसवणे हे यावरचे उपाय आहेत. नुसती एकमार्गी झडप बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा कोठे मिळणार, हे त्याला विचारावे. बॉयलरच्या गरम बाजूला त्याची व्यवस्था नसेल तर झडप एकटी बसवू नये. गळणाऱ्या नळाचे थेंब उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर आळ घेऊ नये, पण वॉशर मात्र बदलावा.

प्रश्न : नाशिकमध्ये आम्ही इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. आमचा गॅस गीझर सकाळी लवकर पेटतो, पण नऊनंतर पेटत नाही. प्लंबरने पाण्याचा सेन्सर 'डायरेक्ट' करून देतो असे सांगितले आहे. करून घ्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. डायरेक्ट करणे म्हणजे पाणी वाहत आहे असे खोटेच कायमचे सांगणारी वायर जोडणे. टाकी रिकामी झाली तरी ज्योत पेटलेली राहील, तांब्याची नळी कोरडी तापेल, आणि पुढचा अपघात कसा असेल ते सांगता येत नाही.

आपल्या अडचणीचे कारण आपल्याच प्रश्नात आहे. गच्चीवरील टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर एक मीटर उंचीला सुमारे ०.१ बार. वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून टाकीतील पाण्याची पातळी पहाटे अडीच-तीन मीटर उंच असेल, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास, आणि नऊपर्यंत सगळ्या इमारतीच्या अंघोळी आटोपल्यावर पातळी मीटरभर खाली येते. खालच्या मजल्यांना हा फरक जाणवत नाही, आपल्याला जाणवतो. जुन्या गीझरमध्ये चक्रीऐवजी रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो फुगून एक पिन ढकलतो आणि पिन स्विच दाबते. पडदा कडक झाला असेल किंवा फाटला असेल तर थोड्या दाबाने तो हलत नाही, तेव्हा तो बदलून घ्यावा. गीझरच्या आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवावी, विशेषतः टाकीची सफाई नुकतीच झाली असेल तर. पाण्याचे बटण कमी प्रवाहाकडे फिरवलेले असेल तर उलट फिरवावे आणि गीझरमधील बॅटऱ्या नव्या घालून पाहाव्यात, कारण अशक्त बॅटरीने ठिणगी पडत नाही आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

एक साधी परीक्षा अशी : नऊ वाजल्यानंतर हँड शॉवर काढून नुसत्या नळातून गरम पाणी सोडून पाहावे. तेव्हा गीझर पेटला तर यंत्र ठीक आहे, दाब कमी आहे. सोसायटीच्या परवानगीने वरच्या मजल्याच्या नळीवर लहान बूस्टर पंप बसवणे हा त्यावर टिकाऊ उपाय. पंप बसेपर्यंत अंघोळ बादलीने करावी, आणि गीझर बंद न्हाणीघरात असेल तर पंपाच्याही आधी तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवून घ्यावा. जळणाऱ्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.